बोटांना लागलेला चाळा

हे पान वाचताना आपल्यापैकी काहींचे एखादे बोट शेजारच्या नखाशी काही तरी करीत असेल. त्याला लगेच थांबवू नका. ते नेमके काय करते आहे, एवढेच पाहा.

दातांनी नखे कुरतडणारी माणसे सर्वांच्या परिचयाची असतात. मी ज्याविषयी लिहीत आहे, त्यात दातांचा संबंध नाही. बोट नखाचा कोपरा उचकटते, कडेची कातडी सोलते, मुळाशी असलेली पातळ त्वचा मागे रेटीत राहते. माझ्या उजव्या अंगठ्यामागे त्याच हाताची तर्जनी गेली चाळीस वर्षे अशी लागलेली आहे. त्या नखाच्या मधोमध आडव्या वळ्या पडल्या आहेत. दोनदा नखुरडेही झाले. हळदीकुंकवाला अत्तरासाठी हात पुढे करताना मी अंगठा मुठीत दडवते. फळ्यावर लिहिताना तो दडवता येत नाही.

अशा वागण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि त्यांची क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. खोड मोडायची असते. सवय लावता येते, सोडता येते. चाळा मात्र लागतो. ‘मला चाळा लागला’ या वाक्याची घडण ‘मला तहान लागली’ या वाक्यासारखी आहे. येथे ‘मी’ कर्ता नाही, अनुभव घेणारी आहे. उलट ‘ती नखे उकरते’ म्हटले की सारे कर्तृत्व तिच्याकडे जाते. घरातील माणसे दुसरे वाक्य बोलतात, पीडित व्यक्ती पहिले वाक्य जगत असते. ‘हात काढ’ हा आदेश व्यर्थ का जातो, याचे उत्तर मला या दोन वाक्यांतील अंतरात सापडते.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात नखे खाणाऱ्याला ढेकळे चुरडणाऱ्याच्या आणि गवत तोडणाऱ्याच्या पंक्तीला बसवले आहे. निरीक्षण अचूक आहे, कारण हे तिन्ही रिकाम्या हाताचे उद्योग आहेत. निवाडा मात्र थेट विनाशाचा आहे! वैद्यकाने निवाड्याऐवजी नाव दिले. केस उपटण्याच्या विकाराला हॅलोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने 1889 मध्ये ‘ट्रायकोटिलोमेनिया’ म्हटले. त्याच साच्यात, नख आणि उपटणे या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ‘ऑनिकोटिलोमेनिया’ हा शब्द घडला. आज असे विकार मंत्रचळाच्या शेजारी गणले जातात. मंत्रचळात बहुधा एखादा भयप्रद विचार आधी येतो. येथे पुष्कळदा विचार नसतोच; बोटाला लागलेली एक खरबरीत कड असते, कंटाळा असतो, किंवा मनावरचा ताण असतो. कड निघाली की क्षणभर बरे वाटते, आणि तिच्या जागी नवी कड तयार झालेली असते.

नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये अशा सवयींसाठी एक उपचारपद्धती मांडली. तिची पहिली पायरी नोंद ही आहे. समुपदेशकांनी मला वही ठेवायला सांगितले, तेव्हा बोलीभाषेच्या क्षेत्रीय अभ्यासाची जुनी शिस्त कामी आली. आदेशात्मक व्याकरण बाजूला ठेवून वर्णनात्मक भाषाविज्ञानाच्या रीतीने मी स्वतःच्या बोटांकडे पाहिले: वेळ, जागा, कोणते बोट, त्याआधी मनात काय होते. पहिल्या आठवड्यात 41 नोंदी झाल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिका तपासतानाच्या होत्या. वर्गात शिकवतानाची एकही नव्हती, याचे मला स्वतःलाच नवल वाटले.

दुसरी पायरी पर्यायी कृतीची. तर्जनी अंगठ्याकडे वळताच मूठ मिटायची, किंवा पेन घट्ट धरायचे, आणि ऊर्मी ओसरेपर्यंत मिनिटभर तसेच राहायचे. याखेरीज वाटेत अडथळे उभे करायचे: अंगठ्याला चिकटपट्टी, कडांना खोबरेल तेल, आणि खरबरीत कोपरा घासून टाकण्यासाठी पर्समध्ये लहानशी कानस. या शेवटच्या वस्तूचा मला सर्वाधिक उपयोग झाला. घरच्यांनी ‘हात काढ’ न म्हणता नुसती टेबलावर टिचकी मारायची, असे ठरले आहे.

आपल्या नखाभोवती लाली, ठणका किंवा पू असेल, तर वही नंतर. आधी डॉक्टरांना दाखवा. चाळा आवरत नसेल, दिवसाचा बराच वेळ खात असेल, हात लपवण्यासाठी चारचौघांत जाणे टाळावे लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. सोबत चिंता किंवा नैराश्य असल्यास ते औषधांचाही विचार करतात.

हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे येण्यास सहा महिने सहज लागतात. माझ्या अंगठ्याचे नख मुळापासून निम्म्यापर्यंत सपाट आले आहे. त्यात एक वळी नवी आहे, ती मागील परीक्षेच्या काळातली. पुढील आठवड्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतील. चिकटपट्ट्यांचे नवे पाकीट आणून ठेवले आहे.