झाकण की राखण?

झाकणे ही माणसाची फार जुनी खोड आहे. भिंतीला पोपडे आले की आपण तिथे कॅलेंडर टांगतो. सतरंजीला भोक पडले की नेमका त्यावर पाट मांडतो. आमच्या घरच्या १९९४ सालच्या बजाज चेतकच्या नशिबीही असेच झाकण येऊ घातले होते.

बेळगावचा पाऊस आणि फुटबोर्डावरची रबरी मॅट यांचे सख्य स्कूटरवाल्यांना ठाऊक आहे. मॅटखाली मुरलेले पाणी वाळत नाही आणि पत्रा मुकाट्याने गंजत राहतो. २०२४ साली नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. मॅट उचलली, तर उजव्या पायाखालून थेट रस्त्याचे दर्शन! एका गॅरेजवाल्याने तोडगा सांगितला, "वरून नक्षीचा पत्रा टाका, चार रिबेटा मारा, रंग फासा. तासाभराचं काम. कोणाला दिसतंय?" आप्पांना तो मोह पडला, कारण दुसरी वाट भंगारवाल्याकडे जात होती; आणि गाडी विकण्याचा विषय निघाला की आप्पा भरल्या ताटावरून उठत.

परंतु वाचकहो, या स्कूटरचा पत्रा म्हणजे नुसता अंगरखा नव्हे, ती तिची हाडे आहेत. मोटारसायकलीला नळ्यांचा सांगाडा असतो. १९४६ साली इटलीत पियाज्यो कंपनीने व्हेस्पा काढली, तिचा आराखडा कोराडिनो दास्कानिओ या विमानविद्येतल्या अभियंत्याचा. त्याने वेगळा सांगाडा ठेवलाच नाही. दाबून घडवलेला पत्राच भार पेलतो. १९७२ साली आलेली चेतक त्याच घराण्यातली. पुढचे हँडल आणि मागचे इंजिन यांना जोडतो तो हाच पायाखालचा पत्रा. मागच्या ब्रेकचा पायडल आणि स्टँडही त्यालाच बोल्टांनी धरलेले. वर चकचकीत झाकण आणि खाली गंजाचे जेवण चालू, असे झाले तर एखाद्या उतारावर ब्रेक दाबताना पायडलच पत्र्यासकट खचायचा. त्या वेळी मागे आई बसलेली असणार, हा विचार काही माझ्या मनातून जाईना.

मी उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वाकून पाहिले आणि विचारले, "पहिलं सांग बाळ, गंज झाकालायस की काढालायस?"

"काढायचा मामा. झाकायचं त्यानंतर."

मग काम त्या क्रमाने झाले. पेट्रोलची टाकी उतरवली. सडलेला भाग निकोप पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा मिस्त्रींनी वेल्ड केला. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात मी दिले. त्यानंतर वरच्या पत्र्यांची पाळी. जुन्या पुठ्ठ्यावर माप उतरवले: मधल्या उंचवट्याच्या डावीकडे एक, उजवीकडे पायडलसाठी खाच ठेवून दुसरा. दोन मिलिमीटर जाडीचे अॅल्युमिनियम कात्रीने कापले आणि कडा कानसीने गुळगुळीत केल्या. दोन्ही मिळून वजन पाऊण किलोच्या आत. लोखंडाचे तिप्पटीच्या जवळ गेले असते.

इथे आमच्या रसायनशास्त्राच्या सरांचा तास कामी आला. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांचा छोटासा विद्युतघट होतो आणि अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. म्हणून प्रत्येक बोल्टाला वर-खाली रबरी वायसर घातले. धातूला धातू टेकला नाही. शिवाय मध्ये राहिलेल्या फटीतून पाणी निथळते, वारा खेळतो. मॅटची मात्र कायमची रजा!

आर.टी.ओ.त गाडी पास झाली, पाच वर्षांचे आयुष्य मिळाले. आप्पा आता त्या पत्र्यांवर पाय ठेवण्याआधी चप्पल झटकतात.

रिबेट एकदा ठोकली की खालचे कोणी पाहत नाही. बोल्ट मात्र सोडवता येतो. दर दिवाळीच्या सुटीत मी बारा बोल्ट सोडून खाली डोकावतो. जे उघडून पाहता येते तीच राखण. बाकीचे सारे झाकण. ही गोष्ट स्कूटरपुरतीच खरी आहे की काय, ते वाचकांनी आपापल्या मॅटखाली पाहून ठरवावे.