धूर कसलाय गं?

ट्रक सुरू करणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा धूर दिसत नाही. ज्यांच्या दारात कधी ट्रक उभा नव्हता, त्यांच्या हे लक्षात यायचं कारण नाही. चालक वर केबिनमध्ये, सायलेन्सरचं तोंड खाली चासीच्या आड, आणि पहाटेच्या अंधारात आरसा असून नसल्यासारखाच. म्हणून आमच्यासारख्या घरांत सेल्फ मारायच्या आधी कुणीतरी बॅटरी घेऊन मागे जाऊन उभं राहायचं आणि धुराचा रंग ओरडून सांगायचा. क्लीनर आला असेल तर क्लीनर, नाहीतर आई, काकू, किंवा आम्हा पोरांपैकी जे कुणी जागं असेल ते. तात्या, म्हणजे आमचे वडील, काच खाली करून विचारायचे, "धूर कसलाय गं?" आणि आई तोंडाला पदर लावून थोडक्यात उत्तर द्यायची.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. थंडीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी आजही दर हिवाळ्यात पेपरात येते. आम्हाला ती पेपराआधी गाडीच सांगायची. लासलगावच्या लिलावाला माल न्यायचा तर उजाडायच्या आत मळ्यावर पोचायला हवं, आणि गाडी तर रात्रभर दव खात उघड्यावर उभी. पहिली गाडी होती सेकंडहँड टाटा-मर्सिडीज. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा १९५४ सालचा करार १९६९मध्ये संपला, नव्या गाड्यांच्या नाकावरचा तारा गेला. पण आमच्या भागात टाटाच्या ट्रकला पुढंही कितीतरी वर्षं मर्सिडीजच म्हणत. त्या जुन्या इंजिनाला हीटर होता. मूठ ओढून धरायची, डॅशबोर्डवरच्या जाळीमागची तार लाल झाली की सेल्फ मारायचा. सगळे प्लग एका माळेत जोडलेले, त्यामुळे एक जळाला की बाकीचेही गप्प, आणि तार काळीच्या काळी. मग नानांचा उपाय. नाना म्हणजे धाकटे काका. काठीला चिंधी गुंडाळून, डिझेलमध्ये बुडवून पेटवायची आणि हवा आत जाते त्या तोंडाशी धरायची. आजी ओट्यावरून देवाचं नाव घ्यायची. गाडी मात्र सुरू व्हायची.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढं तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. लोखंड गारठलेलं असलं की ही उष्णता तेच पिऊन टाकतं, डिझेल अर्धवट जळतं आणि उरलेलं वाफ होऊन बाहेर पडतं. हा पांढरा धूर. आईचं उत्तर मात्र नुसतं "पांढरा" असं नसायचं. "पांढराय, डोळ्याला झोंबतोय," असं ती सांगायची, आणि त्या झोंबण्यातच निदान असायचं. झोंबतोय म्हणजे कच्चं डिझेल. दोन-चार मिनिटांत इंजिन तापलं की जाईल. नाही गेला आणि गाडी लंगडी चालायला लागली, तर एखादा सिलिंडर पेटत नाही. मग मिस्त्री यायचे आणि चालू इंजिनावर नोझलच्या पाइपांचे नट पान्यानं एकेक करून सैल करायचे. नट सैल केल्यावर ज्याचा आवाज पडतो तो सिलिंडर कामाचा. ज्यानं काहीच फरक पडत नाही तो चोर. सहा सिलिंडरच्या इंजिनाची पेटण्याची पाळी आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. शाळेत बाईंनी एक ते सहा आकडे म्हणायला सांगितले तेव्हा चुलतभावानं ते ह्याच क्रमानं म्हणून दाखवले होते.

कधी कधी मागून आवाज यायचा, "धूरच नाही!" बाहेरच्या माणसाला ही चांगली बातमी वाटेल. आमच्याकडे सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. सेल्फ इंजिन फिरवतोय आणि मागून पांढऱ्या धुराची रेघसुद्धा नाही, याचा अर्थ डिझेल आत पोचतच नाही; गाडीनं हवा घेतली. अशा वेळी सेल्फ मारत राहणारा माणूस फक्त बॅटरी बसवतो. तात्या खाली उतरायचे, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचे आणि आम्हा पोरांना फीड पंपाच्या दट्ट्याला लावायचे. फसफस फेस यायचा, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. हाताचा डिझेलचा वास दिवसभर जात नसे. माझ्या एका बहिणीला अजूनही तो वास आवडतो. ती हे सासरी कुणाला सांगत नाही.

सगळ्यांत महागात पडला तो न झोंबणारा पांढरा धूर. त्या दिवशी आई मागे उभी होती. पांढरा आहे, पण डोळ्याला लागत नाही, म्हणाली. तात्यांना ते पटेना. त्यांनी स्वतः उतरून सायलेन्सरसमोर हाताचा पंजा उलटा धरला; तो ओला झाला. इंजिन तापलं तरी धूर थांबेना. आदल्या फेरीला कसारा चढताना गाडी तापली होती, नानांनी थांबायचं ते थांबले नव्हते. रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं आणि इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे. मिस्त्रींनी ऑइलचं गेज ओढून पुसलं, परत घातलं, परत काढलं, आणि काही न बोलता आमच्यासमोर धरलं. काळ्या ऑइलऐवजी घट्ट चहाच्या रंगाचं काहीतरी. हेड गॅसकेट उडालं होतं. पाणी सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये, दोन्हीकडे. ऐन कांद्याच्या हंगामात गाडी ठोकळ्यांवर चढली. मिस्त्री जाताना म्हणाले, "ऑइल कमी होतंय तोवर झोपा. वाढायला लागलं की मला उठवा." गेजवर ऑइल वाढतं म्हणजे त्यात पाणी तरी मिसळतंय, नाहीतर गळक्या नोझलचं डिझेल.

धुराबद्दल माणसं नुसत्या रंगावर जातात, हे मला तेव्हाही खटकायचं आणि आजही खटकतं. पांढरा म्हणजे अमुक, निळा म्हणजे तमुक, काळा म्हणजे आणखी काही, असा तक्ता कुणीही पाठ करील. आमच्या घरात रंगानंतर दुसरा प्रश्न ठरलेला असायचा: कधी? सेल्फ मारल्या मारल्या, का गरम झाल्यावर, का लोड पडल्यावर? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे खरं. पण रात्रभर उभ्या गाडीनं पहाटे एक निळा भपका सोडला आणि मग स्वच्छ चालली, तर रात्रीतून वॉल्व्हच्या गाईडांवाटे थेंब थेंब ऑइल खाली उतरलंय एवढंच. तोच निळा धूर दिवसभर, चढाला जास्त, आणि ब्रीदरच्या नळीतूनही भकाभका हवा येते, म्हणजे रिंगा आणि लायनर झिजले. हाफ इंजिन बांधायची तयारी ठेवायची. पहिल्याचा खर्च भिशीतून निघतो, दुसऱ्याला सोसायटीचं कर्ज लागतं. रंग मात्र दोन्हींचा एकच.

काळ्या धुराची फिर्याद आईनं केली, तीही कुरडयांमुळे. चैत्रात गच्चीवर वाळवणं असायची आणि गाडी खाली उभी. सुरू होताना पंप जरा हात सैल सोडून डिझेल देतो, त्यामुळे पहिला काळा भपका कुणीच मनावर घेत नसे. पण एका वर्षी कुरडयांवर काजळी दिसायला लागली. रोज. आईनं एक कुरडई तात्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "अहो, हे काय ते बघा." काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तात्यांनी आधी हवा बघितली. मळ्यांच्या फुफाट्यातून फिरणारी गाडी, एअर क्लीनरच्या भांड्यातलं ऑइल चिखल झालेलं. ते साफ केलं, नवं ऑइल भरलं, काजळी कायम. मग बॉनेट उघडून त्यांनी पंपाकडे बघितलं. जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा स्क्रू कॅलिब्रेशनवाले तार घालून सील करतात. तार होती, सील नव्हतं. नानांनी कसाऱ्याच्या चढाला जोर यावा म्हणून परस्पर पंप वाढवून घेतला होता. दोघा भावांत त्यावरून जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नानांचा मुद्दा असा की गाडी चढाला आता तिसऱ्या गिअरवर जाते. तात्यांचा मुद्दा असा की ज्या डिझेलचा धूर होतो त्याचे पैसे कोण देतो. पंप नाशिकला नेऊन परत बसवून आणला. नोझलही मायकोचे नवे घातले. त्या वर्षीच्या कुरडया मात्र काळपट ठिपक्यांसकट तळून खाल्ल्या.

आजी कधी मागे उभी राहिली नाही. ती ओट्यावर बसूनच सांगायची, आणि तिचं सगळं नाकावर होतं. एकदा वाटेतल्या कुठल्याशा पंपावर टाकी फुल करून नाना आले. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि आजी म्हणाली, "हा तर माझ्या स्टोव्हचा वास." टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलं तर निळसर झाक. रेशनच्या रॉकेलला निळा रंग घालतात तो भेसळ ओळखू यावी म्हणूनच. रॉकेलनं गाडी चालते, पण पंपाच्या आतल्या बारीक भागांना डिझेलचं वंगण मिळत नाही आणि ते झिजतात. टाकी रिकामी केली. ते रॉकेल पुढं कुणाच्या स्टोव्हला गेलं याची चौकशी कुणी केली नाही.

पुढं १९८९चे मोटार वाहन नियम आले, धुराला मीटर लागला. डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट. नळी सायलेन्सरमध्ये घालून ॲक्सिलरेटर दाबायचा, आकडा यायचा. तपासणी इंजिन गरम झाल्यावरची, म्हणजे आमची आई पहाटे जे बघायची ते या कागदावर कधी आलंच नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. चुलतभावाच्या नव्या गाडीला काजळी अडवणारा फिल्टर आहे आणि वेगळ्या टाकीत यूरियाचं पाणी भरावं लागतं. ते संपत आलं की गाडी आधी दिवा लावते, मग जोर काढून घेते. धूर दिसत नाही. बिघाड काय आहे ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, आणि स्कॅनर लावणाऱ्याची फी मिस्त्रींच्या मजुरीपेक्षा जास्त. हवा चांगली झाली, याबद्दल तक्रार करणं बरोबर नाही. चुलतभाऊ ती रोज करतो.

आमची जुनी टाटा १२१० विकली तेव्हाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जुनी गाडी विकणारा पहिलं काम काय करतो, तर गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतो. गरम इंजिन पहाटेचं काही बोलत नाही. मालेगावचे एक ट्रान्सपोर्टवाले दुपारी येणार होते, म्हणून नानांनी सकाळीच पिंपळगावपर्यंत चक्कर मारली. गृहस्थ आले, टायर बघितले नाहीत, कागद बघितले नाहीत. बॉनेट उघडून इंजिनाच्या अंगाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "शेठ, गाडी तर तापलेली आहे. आम्ही उद्या पहाटे येतो." आणि खरंच आले. सोबत एक पोरगा, तो येताच मागे जाऊन उभा राहिला. नानांनी सेल्फ मारला. पोरगा काही बोलायच्या आत ओट्यावरून आजीचा आवाज आला, "निळा असतो पहिल्यांदा. मग जातो."

पाहुण्यांनी पहिलं वाक्य धरून ठेवलं आणि दुसरं ऐकलंच नाही. इंजिन बांधावं लागणार, रिंगा गेल्या, लायनर गेले, असं म्हणत त्यांनी हाफ इंजिनाचा अख्खा खर्च किमतीतून खाली आणला. नानांना सगळं कळत होतं, पण बिनचूक साक्ष घरातूनच गेलेली, बोलणार काय? व्यवहार त्याच किमतीला झाला. नाना कितीतरी दिवस आजीशी बोलले नाहीत, आणि आजीचं म्हणणं एवढंच की मी दोन्ही वाक्यं खरी सांगितली.

पुढं मिस्त्रींकडून कळलं, मालेगाववाल्यांनी इंजिन उघडलंसुद्धा नव्हतं. फक्त हेड उतरवलं, गाईडं बदलली, वॉल्व्ह ग्राइंड करून घेतले. ती गाडी नंतर बरीच वर्षं आग्रा रोडवर भरलेली जाताना दिसायची आणि नाना प्रत्येक वेळी मान वळवून तिच्या सायलेन्सरकडे बघायचे.