न मोजलेल्या घासांचं पोट

पोट सुटलं की त्याचं खापर फोडायला आपण काहीतरी ठसठशीत शोधतो. लग्नसराईतल्या पंगती, दिवाळीचा फराळ, गणपतीतले मोदक, श्रावण संपल्यावरचं मटण. या दिवसांचा वाटा अजिबात नसतो असं नाही. पण ते लक्षात राहतात, म्हणून दोषीही तेच ठरतात. उरलेल्या दिवसांची आठवणच राहत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. मला मात्र खरा हिशोब या उरलेल्या दिवसांतच दिसतो. माझं म्हणणं एवढंच, की आपलं पोट ताटात वाढून घेतलेल्या जेवणाने जितकं वाढतं, त्याहून जास्त ते ‘खाणं’ म्हणून ज्याची मोजदादच होत नाही अशा घासांनी वाढतं. आणि त्याच्या जोडीला, ज्याला आपण आळस म्हणत नाही अशा बसण्याने. दोन्ही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की ‘मी तर काहीच खात नाही हो’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच तसं वाटत असतं.

आधी मोजमापाचा घोळ निस्तरायला हवा, कारण बहुतेकांचा वजनकाट्यावर नको इतका विश्वास असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरातून निघणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३, म्हणजे काट्याच्या मते दोघे सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हा आपल्याकडचा ओळखीचा बांधा काट्याला दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत एकूण लठ्ठपणाचं प्रमाण २८.६ टक्के होतं, तर पोटाच्या लठ्ठपणाचं ३९.५ टक्के. म्हणजे काट्यावर सुटलेले कितीतरी जण टेपवर सापडतात. टेपही नीट लावायला हवी: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. पँटच्या नंबरावर जाऊ नये. पोट वाढलं की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. सलवारीची नाडी आणि ट्रॅकपँटचं इलॅस्टिक तर कधी तक्रारच करत नाहीत.

आता चहाचा कप घेऊ. दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसातून चार वेळा घेणारी माणसं आपल्याकडे थोडी नाहीत. चमचाभर साखर साधारण पाच ग्रॅम, म्हणजे वीस कॅलरी. चार कपांत चाळीस ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी झाल्या, दूध वेगळंच. गोड पदार्थांतून, बाटलीबंद पेयांतून आणि वरून घातलेली मिळून साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ती मर्यादा इथे निव्वळ चहानेच ओलांडली. सोबतची चार बिस्किटं शंभराच्या आसपास जातात, संध्याकाळी टीव्हीसमोर घेतलेलं मूठभर फरसाण दीडशेच्या. बेरीज चारशेच्या पुढे गेली आणि यातलं काहीही ‘जेवलो’ या सदरात मोडत नाही. यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा साखरेने काय होतंय? अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं गणित मांडलं. रोजच्या आहारात सुमारे चोवीस कॅलरींची कायमची वाढ झाली, तर कालांतराने वजन साधारण एक किलोने वाढतं. त्यातला निम्मा फरक पहिल्या वर्षात, बाकीचा बहुतेक तीन वर्षांत. चोवीस कॅलरी म्हणजे चमचाभरापेक्षा किंचित जास्त साखर. वजन अनंत काळ वाढत राहत नाही, एका पातळीवर स्थिरावतं, हेही हेच गणित सांगतं. पण ती पातळी कुठली, हे आपल्या रोजच्या चमच्यांवर ठरतं.

तेलाची गोष्ट याहून अवघड, कारण साखर निदान चमच्याने पडते. फोडणीला तेल बुधलीतून थेट, अंदाजाने ओतलं जातं. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी आणि भाजीला ‘तवंग’ आला नाही तर घरात कुरकुर होते. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे, म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर. आहारतज्ज्ञांची शिफारस साधारण याच्या निम्मी आहे. यात घरच्या फोडणीबरोबरच वडापावच्या कढईचा, वेफर्सच्या पाकिटाचा आणि हॉटेलातल्या ग्रेव्हीचा हिस्सा आहे. उपवास तर हिशोबातच धरला जात नाही. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप यांची भरगच्च बशी ‘आज काही खाल्लं नाही’ या नावाखाली जाते. शनिवारच्या बैठकीत दारूची चर्चा होते, चकण्याची होत नाही. आणि घरातल्या बाईच्या वाट्याला येणारं खाणं सगळ्यांत अदृश्य. मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, कढईच्या तळाशी राहिलेला भात, सकाळच्या पोह्यांचे शेवटचे चार घास. अन्न वाया जाऊ नये म्हणून ती ते उभ्याउभ्याच संपवते आणि मग सगळ्यांबरोबर जेवायलाही बसते. अन्न टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे. पण उरलेलं पोटात टाकण्याऐवजी अंदाजाने कमी शिजवणं त्याच संस्कारात बसतं.

इथे सगळ्यांत पुढे येणारा आक्षेप आजी-आजोबांचा. ते तूप-गूळ खायचे, चार भाकऱ्या रिचवायचे, तरी त्यांची पोटं सुटली नाहीत. हे अर्धंच खरं आहे. जुन्या काळातही सावकार-जमीनदारांची पोटं सुटलेली असत आणि ते खात्यापित्या घरचं लक्षण समजलं जाई. ज्यांची सुटत नव्हती त्यांच्या दिवसात विहिरीचं पाणी, जात्यावरचं दळण, शेतातली खुरपणी आणि बाजाराची पायपीट होती. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, जसं आज आपण बसण्याला काही म्हणत नाही. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि दिवसभर जिना चढणारे-उतरणारे कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हरना हृदयविकार जास्त होता. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांच्या नोंदी तपासल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटींची कंबरही मोठी निघाली. मुळात जाड असलेलेच ड्रायव्हर होत असतील, ही शंका रास्त आहे. पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी व्यायाम न करणाऱ्या सडपातळ आणि लठ्ठ माणसांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा लठ्ठ माणसं दिवसाला सुमारे दोन तास जास्त बसलेली आढळली. वजन मुद्दाम घटवलं-वाढवलं तरी त्यांची ही रीत बदलली नाही. म्हणजे बसणं हा निव्वळ जाडपणाचा परिणाम नव्हता. तोच फरक दिवसाला साधारण ३५० कॅलरींचा भरत होता. सकाळी अर्धा तास चालून आपण फार तर दीडशे कॅलरी खर्च करतो, म्हणजे चार कप चहातली साखर. उरलेला दिवस खुर्चीत गेला तर पारडं कुठे झुकणार, हे सांगायला नको.

झोप आणि जेवणाची वेळ यांना तर आपण पोटाशी जोडतच नाही. मेयो क्लिनिकमध्येच झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज चारच तास झोपू दिलं. ती दिवसाला तीनशेहून जास्त कॅलरी खाऊ लागली आणि त्यांच्या पोटाच्या आतली, अवयवांना वेढणारी चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. ही चरबी कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त घातक. यकृत आणि इन्शुलिन या दोन्हींच्या कामात ती ढवळाढवळ करते. प्रयोग बारा जणांचाच होता, त्यामुळे टक्केवारीला ब्रह्मवाक्य मानू नये; दिशा मात्र स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या आणखी एका छोट्या प्रयोगात तेच अन्न चार तास उशिरा दिलं, तर भूक वाढली आणि शरीराचा खर्च घटला. रात्री दहाला जेवून, बारापर्यंत मोबाइल चाळून, सहाच्या गजराला उठणारा माणूस या दोन्ही प्रयोगांत नाव न नोंदवता सामील झालेला असतो.

‘आमच्या घराण्यातच पोट आहे’ हा पुढचा बचाव. तो मी खोडून काढणार नाही. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी जन्मतात, पण हलकेपणा स्नायूंत जास्त असतो. चरबी त्या मानाने टिकून राहते. म्हणजे कल जन्मापासूनचा आहे. वय आणि स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्ती हा कल आणखी वाढवतात. पण यातून निघणारा निष्कर्ष लोक उलटा काढतात. ज्याला वारशानेच कमी मोकळीक मिळाली आहे, त्याला बेहिशेबी खाणं दुसऱ्यापेक्षा कमी परवडतं. घराण्याचं पोट हे सवयी सांभाळण्याचं कारण आहे, सोडण्याचं नव्हे.

मग लोक उपायांकडे वळतात: सकाळी लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी आणि शंभर क्रंचेस. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यावरची चरबी वेचून काढली जात नाही. २०११ मध्ये सहा आठवड्यांच्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. महाराष्ट्रात मध्यंतरी ‘दीक्षित की दिवेकर’ असा वाद घरोघरी रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणतात. दोन्ही वाटांनी गेलेल्या अनेकांना फरक पडला याचं लोकांना कोडं वाटतं. मला त्यात कोडं दिसत नाही. एकाने वेळा ठरवल्या, दुसरीने पाकिटातलं सोडून घरचं खायला सांगितलं. येताजाता तोंडात टाकणं दोन्हीकडे संपलं. खाणं हिशोबात आलं, हा दोन्ही पद्धतींचा खरा गुण आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. हे सगळं माणसाच्या माथी मारणं अन्याय नाही का? कल्याण-कसाऱ्याहून लोकलने येजा करणाऱ्याने सातला जेवायचं कसं? फळांपेक्षा बिस्किटाचा पुडा स्वस्त असेल तर दोष कुणाचा? बाईला फिरायला ना सुरक्षित रस्ता ना मोकळा तास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर होता, पुरुषांत १२ टक्के. दोघांची रेघ वेगळी असल्याने हे आकडे एकास एक ताडता येत नाहीत, तरी स्त्रियांवरचा भार लपत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पदपथ, कामाचे तास आणि पाकिटावरची ठळक सूचना हे सरकारचं आणि मालकांचं काम आहे आणि ते मागितलंच पाहिजे. पण पदपथ होईपर्यंत चहातली साखर थांबून राहत नाही. साखर कमी करायला वेळ लागत नाही, पैसाही नाही. तेलाच्या बुधलीत चमचा ठेवायलाही नाही. रात्रीचं जेवण लवकर जमत नसेल, तर संध्याकाळी गाडीत डबा उघडून त्यातलं थोडं खाणं आणि घरी हलकं जेवणं अनेकांना जमण्यासारखं आहे.

म्हणून नवा डाएट सुरू करण्याआधी एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त दोन जेवणांच्या बाहेर तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा: कपातली साखर, उरलेली पोळी, शेजारच्या टेबलावरची दोन बिस्किटं. बसलेले तासही लिहा. आठवड्याच्या शेवटी यादी वाचून त्यातल्या दोनच गोष्टी निवडा, त्या कायमच्या कमी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा टेप लावा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढं एक माप ध्यानात ठेवलं तरी पुरे. पथ्य आठवडाभर पाळता येतं. सवय मात्र मोजल्याशिवाय सापडत नाही आणि सापडल्याशिवाय सुटत नाही.