निफाडची थंडी आणि आईचे गुडघे

19 डिसेंबर
कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. इकडे घरात आई पलंगाच्या कडेवर बसून गुडघे चोळत असते. उठल्यावर आखडलेले पाय वीसेक मिनिटांत मोकळे होतात, असं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, हे झिजेच्या संधिवाताचं लक्षण. तासभर सुटत नसतील, हाताची बोटंही सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करायला हवी.

23 डिसेंबर
गारठ्यात सांध्यातलं वंगण घट्ट होतं, भोवतीचे स्नायू आवळतात. म्हणून आता अंथरुणातच व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, पाय ताणून ती दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. मग फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, पंधरा मिनिटं. गुडघा सुजून गरम लागला, तर शेक बंद. दुखण्याचं मलम लावलं असेल, तरी बंद.

2 जानेवारी
मावशीने डिंकाचे लाडू पाठवले. डिंकाने झिजलेली कूर्चा भरून येत नाही, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो, हेही. लाडू ती खाणारच. बहिणीच्या हातचे आहेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र घरात नकोत. आईला बीपी आहे.

7 जानेवारी
या दुखण्यावर लिहिताना लोक थंडीलाच बोल लावतात. मला दिसतं ते वेगळंच. भाकरी थापायची खाली बसून, धुणं उकिडवं बसून, निवडणं-टिपणं मांडी घालून. आईच्या वयाच्या किती बायकांचे गुडघे असेच गेलेत! आणि घर बांधताना ओटा किती उंच हवा, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

13 जानेवारी, भोगी
तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आईने ओट्याशी उभं राहून केल्या. मधे दोनदा खुर्चीवर टेकली. ऊन चढल्यावर बांधापर्यंत चालूनही आली. संक्रांत झाली की गवंडी येणार आहे. धुण्याचा दगड कमरेइतका उंच करायचा, कमोड बसवायचा, भिंतीला दांडी लावायची. दांडी उजव्या हाताला हवी, असं आईने बजावलंय.