शेवटचे प्यादे

दिवाळीला बहीण पुण्याहून माहेरी आली, की तिच्या मुलाबरोबर एखादे नवल आमच्या सिंदेवाहीच्या घरात येतेच. यंदा भाच्याने एक खोके आणले. आत षट्कोनी घरांचा पट, दोन फासे आणि बोटभर उंचीचे यंत्रयोद्धे. खेळाचे नाव बॅटलटेक. १९८४ साली अमेरिकेत तो ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने जन्मला आणि वर्षभरातच त्याचे दुसऱ्यांदा बारसे झाले, ही माहिती भाच्यानेच मला पुरवली.

अंगणात हलक्या धानाचे भारे येऊन पडले होते. ओसरीवर भाचा आणि शेजारचा पोरगा यांचे महायुद्ध चालले होते. मी आतल्या खोलीत लिहीत बसलो होतो. एकाएकी बाहेर आरडाओरडा झाला आणि दोघेही पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“मामाजी, तुम्हीच सांगा! मला याचे नेमयंत्र फोडायचे आहे. नेम धरून मारता येते की नाही?”

मास्तराला सगळे नियम ठाऊक असतात, असा पोरांचा समज असतो. आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला तर नियम मोडायचीच खोड! माझ्या मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीने मी ते पुस्तक चाचपू लागलो. हळूहळू उलगडा झाला. एरवी गोळा कुठे लागला ते दोन फाशांची बेरीज सांगते. सात पडले तर छातीच्या मध्यावर, बारा पडले तर थेट डोक्यावर. शत्रू जागीच खिळलेला असेल, किंवा आपल्याजवळ नेमयंत्र असेल, तरच हात, पाय, छाती असा अवयव निवडता येतो. नेमयंत्राने नेम धरायचा तर गोळा लागणे तीन अंकांनी अवघड होते, आणि हिंडत्याफिरत्या शत्रूच्या डोक्यावर तर नेम धरताच येत नाही. पण भाच्याला हवे होते त्याहून पुढचे. छातीच्या आत बसवलेली एखादी वस्तू निवडून ती फोडता येईल का? नाही. चिलखत फुटून मार आत पोचला, की कोणती वस्तू मोडली ते पुन्हा फासाच ठरवतो.

“म्हणजे अवयव तुझा, आतली वस्तू नशिबाची,” असा निकाल मी दिला. पोरे गेली. मी मात्र लेखणी उचलू शकलो नाही. याच ओसरीवरचा दुसरा एक तंटा मला आठवला होता. त्याचा निकाल द्यायला कोणी नव्हते.

माझे बाबा आणि समोरच्या घरचे अण्णाजी रोज दिवेलागणीला बुद्धिबळाचा पट मांडीत. डाव अर्थात देशी. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, आणि पार पोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले तेच मोहरे बनून उठे. पण देशी डावातही प्रांत तितके कायदे. काही ठिकाणी जोरबाजी खेळत. म्हणजे ज्या मोहऱ्याला दुसऱ्याचा जोर आहे, ते मारायचेच नाही! असल्या देशी कायद्यांत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान तिकडची रीत मागाहून शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवून बसला. आता सगळीकडे एकच रीत झाली आहे. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या खेळात एकटा राजा उरला तरी त्याच्यावर मात करता येते. देशी डावात तसे नव्हते. समोरची सगळी फौज मारून राजा उघडा पाडला, की बुर्जी. डाव तिथेच थांबे. म्हणून जाणता खेळाडू शेवटचे प्यादे मारीत नसे. ते जगवूनच मात करावी लागे.

मी दहा वर्षांचा असेन. बाबांजवळ राजा आणि एक प्यादे उरले होते. अण्णाजींजवळ दोन्ही हत्ती. मात दोन-तीन चालींवर आली होती. पण ते प्यादे वजिराच्या घराकडे सरकत होते, आणि अण्णाजींना राहवले नाही. त्यांनी हत्तीने ते टिपले.

“बुर्जी! डाव बरोबरीत!” बाबा हसत म्हणाले.

“बरोबरी कशाची? अर्धी मात झाली!” अण्णाजी म्हणाले. त्यांचे बालपण बालाघाटकडे गेलेले. तिकडे ते तसेच शिकले होते. बाबा बरोबरी शिकले होते. दोघेही आपापल्या जागी खरे. खेळायला बसण्यापूर्वी विचारायला हवे होते, पण सात-आठ वर्षे रोज खेळणारे दोघे असले काही विचारतात होय?

शब्दाने शब्द वाढला आणि बाबा बोलून गेले, “धान मोजतानाही तुमचे माप असेच असते, अण्णाजी!”

अण्णाजी धानाचे व्यापारी. ते काही बोलले नाहीत. उठले आणि चपला पायात सरकवून निघून गेले. मारलेले प्यादे त्यांच्या मुठीतच राहिले.

बाबांनी त्या जागी एक चिंचोका ठेवला. पुढची दोन वर्षे ते चिंचोक्यासह मलाच खेळायला बसवीत. समोरचे दार उघडे असे. मंडईच्या रात्री नाटकाला दोघेही येत आणि मंडपाच्या दोन टोकांना बसत. तिसऱ्या पावसाळ्यात अण्णाजी गेले. तेराव्यानंतर काकूंनी पुडीत बांधून ते प्यादे माझ्याजवळ दिले. मी ते बाबांना दिले. त्यांनी ते डब्यात टाकले, पण चिंचोका काढला नाही.

बाहेर ओसरीवर फासे खडखडले. “सात! छाती!” भाचा ओरडला. मग दुसरा फासा पडला आणि दोघेही खो खो हसू लागले. नेमयंत्र शाबूत राहून भलतेच काहीतरी मोडले असावे.

संध्याकाळी मी माळ्यावरून तो डबा काढला. भाचा शेजारी येऊन मोहरी मांडू लागला.

“मामाजी, यात एक प्यादे जास्त आहे. आणि हा चिंचोका कशाला?”

“आधी एक ठरवू,” मी म्हटले. “बुर्जी झाली, तर बरोबरी की अर्धी मात?”

“बुर्जी म्हणजे?”

मी दिवा जरा जवळ ओढला.