खुंट्यावरचा दुसरा हात

राणीसावरगावच्या आमच्या घरात माणसं बोलून मोकळी व्हायची, जातं मात्र सगळं पोटात ठेवायचं. माजघराच्या कोपऱ्यात, उखळाशेजारी त्याची कायमची बैठक. काळ्या दगडाच्या दोन तळ्या. खालची जमिनीत रुतलेली, वरची फिरती. मधे मेख, काठाला लाकडी खुंटा, माथ्यावर घास घालायचं तोंड. पहाटे त्यात मूठभर जोंधळा पडला की घरघर सुरू व्हायची. आम्हा पोरांना त्या आवाजानं कधी जाग आली नाही. तो थांबला की यायची.

जातं स्वभावानं हट्टी. घाई खपवून घ्यायचं नाही. मोठा घास घालून जोरात ओढलं, तर भरड काढून द्यायचं. बेतानं घातलं, सावकाश फिरवलं, तर पीठ असं की भाकरी चिरायची नाही. दात बोथट झाले की धान्य नुसतं चिरडायचं, मग टाकी लावणारा यायचा. दुपारभर छिन्नीचे ठोके. त्यानंतरचं पहिलं पीठ कुणी खायचं नाही, दाताखाली कचकच लागते. जात्याच्या पोटात जे उरतं ते पुढच्या दळणात उतरतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

खरं तर जात्यावर दोघी बसतात. समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, म्हणजे ओढ वाटली जाते. आमची आत्याबाई एकटीच दळायची. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच कपाळ पुसून माहेरी परतलेली. पुन्हा लग्नाचं नाव कुणी काढलंच तर आजोबांचे दोनच शब्द : ‘आपल्यात नाही.’ तिचा गावातल्याच कुणावर जीव होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. तिच्या ओवीत आई यायची, भाऊ यायचा, माहूरची रेणुका आणि गावातली रेणुका यायची, पंढरीचा विठू यायचा. ज्याचं नाव यायला हवं तो कधी आला नाही. त्याच्या जागी जातं थोडं हळू व्हायचं.

पुढे लॉरा एस्किवेल या मेक्सिकन लेखिकेची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही कादंबरी हाती आली. १९८९ सालची, १९९२ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. बारा महिन्यांची बारा प्रकरणं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक पाककृती. नायिका तिता स्वयंपाकघरातच जन्मलेली. घराची रीत अशी की धाकट्या लेकीनं लग्न करायचं नाही, मरेपर्यंत आईची सेवा करायची. तिचा पेद्रो तिच्या थोरल्या बहिणीशी लग्न करतो, आणि त्या लग्नाचा केक करायचं काम तितावरच येतं. तिचे अश्रू पिठात पडतात आणि तो केक खाल्लेलं अख्खं वऱ्हाड आपापल्या हरवलेल्या प्रेमासाठी रडू लागतं. पुढे पेद्रोनं दिलेल्या गुलाबांच्या पाकळ्या घालून ती लावे पक्षी रांधते, आणि तिच्या मनातली आग खाणाऱ्यांच्या अंगात उतरते. चॉकलेटसाठी उकळत आलेलं पाणी, तशी ही मुलगी.

त्या पुस्तकातला मेटाटे मला ओळखीचा वाटला. तोही ज्वालामुखीच्याच दगडाचा, आमच्या जात्याचा दूरचा भाऊबंद. तीन पायांचा, उतरता. गुडघे टेकून बाई त्यावर मका नाहीतर कोको वाटते. आजोबांचे दोन शब्दही तिथे भेटले, फक्त ते तिताच्या आईच्या तोंडी होते. एकच गोष्ट जुळेना. तिताचं दुःख खाणाऱ्यांना कळतं. आमच्याकडे आत्याबाईच्या पिठाची भाकरी वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांनी खाल्ली, आणि कुणाच्या घशाशी कधी काही आलं नाही.

आमच्याकडचा चमत्कार ताटात घडतच नाही, तो जात्यापाशी घडतो. आमच्याच तालुक्याच्या गावची, गंगाखेडची जनाबाई. पोरवयात पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि नामदेवांची दासी म्हणून राबली. तिच्या जात्यावर समोर येऊन बसला तो खुद्द विठोबा. पण देवाचंही दासीकडे येणं लोकांना कुठलं खपायला! कथा सांगते, देवाचं पदक तिच्याकडे सापडलं, चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली आणि त्या सुळाचं पाणी झालं. गोपाळपूरला तिचं जातं आजही दाखवतात. बायकांनी या कथेतून सूळ फारसा घेतला नाही, खुंट्यावरचा दुसरा हात तेवढा घेतला. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यांत आपल्या परभणीच्या ताडकळसच्याही आहेत. विठू त्यांत पुन्हा पुन्हा येतो. जिला माणसाचं नाव घ्यायची मुभा नाही, तिला देवाचं घेता येतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा जात्याला न्हाऊ घातलं, खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधलं. पाच सवाशिणी हळद दळायला बसल्या. रोज पहाटे जिचा हात त्या खुंट्यावर असायचा, तिला आजी हलकेच म्हणाली, ‘तू जरा आत बस, माय.’ आत्याबाई आत गेली. २०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी वाचताना मला तो ‘माय’ आठवला. किती मायेनं म्हटला होता.

वरात गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे घरघर ऐकू आली. हळदीनंतर जातं पुसून, मूठभर भरड दळून ती टाकून द्यायची, मगच खायचं दळायचं, ही घरची शिस्त आत्याबाईनंच आम्हाला शिकवलेली. त्या पहाटे तिनं भरड टाकली नाही.

सकाळच्या भाकरी पिवळसर झाल्या होत्या. आजोबांनी एक तुकडा हातात धरून पाहिला, आजीकडे पाहिलं, आणि कालवणात बुडवून खाल्ला. सगळ्यांनी खाल्ल्या. कुणी काही बोललं नाही.