शहीद द्वीपाच्या निवांत किनाऱ्यांवर

अंदमानातल्या श्री विजय पुरमहून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) निघालेली बोट शहीद द्वीपाच्या धक्क्याला लागली की बहुतेक प्रवासी शेजारच्या भरतपूरच्या किनाऱ्याकडे वळतात, कारण काचेच्या तळाच्या होड्यांपासून करमणुकीचा सारा सरंजाम तेथे मांडलेला असतो. मी मात्र बाजारातल्या एका दुकानदाराकडे वाहन-परवान्याची नक्कल आणि अनामत रक्कम ठेवून, त्याच्या नोंदवहीत सही करून स्कूटर भाड्याने घेतली आणि त्या वर्दळीकडे पाठ फिरवली.

2018 सालच्या डिसेंबरपर्यंत या बेटाला नील म्हणत. 1857 साली अलाहाबादच्या मुलखात निरपराधांना सरसहा फासावर चढवणारा जो जेम्स नील, त्याचे हे नाव. आणि नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कानपूर घेणारा हॅवलॉक, त्याचे नाव शेजारच्या मोठ्या बेटाला होते. ही दोन्ही नावे सरकारी दप्तरातून गेली, याचे समाधान कानपूरची हकिकत ठाऊक असलेल्या मराठी माणसाला वाटल्यावाचून राहत नाही. गावांची नावे मात्र रामायणातली आहेत: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना सरकारने येथे वसवले, आणि त्यांच्याच पुढच्या पिढ्यांच्या श्रमाने फुललेले भाजीचे मळे, केळी आणि सुपारीच्या बागा रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागतात. येथली भाजी बोटीने श्री विजय पुरमच्या बाजारात जाते.

सीतापूरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. अंदमान इतके पूर्वेला असूनही घड्याळ मुख्य भूमीचेच चालत असल्यामुळे तेथे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ लवकर उगवतो. म्हणून अंधारातच निघावे लागते. चुनखडीच्या, लाटांनी पोखरलेल्या कड्यांखाली मी पोहोचलो तेव्हा वाळूवर माणसाचे एकही पाऊल उमटलेले नव्हते. खुल्या समुद्राच्या लाटा येथे जोराने आदळतात, आणि पोहण्याचा मोह आवरणेच शहाणपणाचे ठरते.

परंतु या बेटावर खरा अंमल चालतो तो भरती-ओहोटीचा. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पर्यटकांना उतरवणाऱ्या मोटारीला तिचे भान राहत नाही. स्वतःच्या हाती स्कूटर असली की मात्र मनुष्य समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे वागू शकतो, आणि मी तसाच वागलो. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी गाठून मी लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. तेथे पाण्याने कोरून काढलेली, माथ्यावर झाडे वाढलेली एक नैसर्गिक कमान आहे, आणि तिच्यापर्यंतची वाट निसरड्या खडकांवरून जाते.

सोबत आलेल्या गावच्या तरुणाने एका डबक्यापाशी मला थांबवले. घोटाभर पाण्यात, खडकात रुतलेला एक महाशिंपला किंचित उघडा होता, आणि त्याच्या ओठांची निळी-जांभळी झालर मोरपिसासारखी झळाळत होती. मी वाकलो, माझी सावली तीवर पडली, आणि तत्क्षणी ती झालर आत ओढली जाऊन शिंपल्याची फट अरुंद झाली. आम्ही सावली न पाडता स्तब्ध उभे राहिलो. काही वेळाने ती कडेकडेने, अत्यंत सावधपणे पुन्हा बाहेर आली. त्या मुक्या प्राण्याची ती सावधगिरी पाहताना, आपण येथे परवानगीवाचून शिरलेले परके आहोत, ही जाणीव मला तीव्रतेने झाली. त्याच सुमारास पलीकडे काही मंडळी छायाचित्रासाठी प्रवाळावर चढून उभी होती. गोलाकार, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाकाठी एकदोन सेंटिमीटरांहून अधिक वाढत नाही. एका टाचेखाली किती वर्षांची वाढ मोडत असेल, याचा हिशेब मनात आला आणि फार वाईट वाटले.

सायंकाळी पश्चिमेच्या लक्ष्मणपूरच्या पहिल्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला. सूर्योदय आणि सूर्यास्त यांतले अंतर स्कूटरने थोड्याच मिनिटांचे.

तेव्हा वाचकहो, या बेटावर जाल तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या, वाट जाणणारा गावचा माणूस सोबत घ्या, पाय वाळूवर किंवा उघड्या खडकावरच ठेवा, आणि प्रवाळाचा एक तुकडाही खिशात घालू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.